धाकटीचा एल्क

तुम्ही म्हणाल, या बाईला हेवा करायला दुसरं काही मिळालं नाही का? शेजारणीची पैठणी आहे, नणंदेचा नवा फ्लॅट आहे, मैत्रिणीच्या मुलाला मिळालेले मार्क आहेत. आणि ही बसली आहे एका जनावरावरून जळत! पण खरं सांगते मैत्रिणींनो, पैठणीवरून मी कधी जळले नाही. फ्लॅटवरूनही नाही. माझ्या धाकट्या जावेनं २०१७ सालच्या ऑक्टोबरात एक एल्क मारला, आणि त्यानंतर तीन आठवडे मी जी काही वागले, ते इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान तापतात.

आधी थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हांला काही उलगडा व्हायचा नाही. माझं माहेर कराडचं, सासर साताऱ्याचं. १९८६ साली लग्न झालं आणि दोन वर्षांनी ह्यांच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या क्रेग नावाच्या गावी आलो. अमेरिका म्हटलं की उंच उंच इमारती डोळ्यांपुढे येतात, हो ना? क्रेगला तसलं काही नाही. यांपा नदीकाठचं आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. चहूकडे खुरटी झुडपं, गुरांची कुरणं, कोळशावरचं वीजकेंद्र (ह्यांची नोकरी तिथलीच होती) आणि ऑक्टोबर उजाडला की गावभर केशरी टोप्या. एल्कच्या शिकारीची जगाची राजधानी, असं हे गाव स्वतःला म्हणवून घेतं. वाण्याच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्या महिन्यात दुसरा विषय नसतो. आपल्याकडे आषाढात 'पाऊस झाला का तुमच्याकडे?' विचारतात ना, तसं इथं 'मिळाला का?' एवढंच विचारायचं. काय मिळाला, ते सांगावं लागत नाही.

एल्क म्हणजे हरणाच्याच कुळातला, पण आपल्या सांबरापेक्षाही थोराड. काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा भाऊबंद म्हणा. पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. त्याची शिंगे दर वसंतात गळून पडतात आणि उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत पुन्हा उगवतात. शॉनी या आदिवासींच्या भाषेत त्याला वापिटी म्हणतात, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा! आणि सप्टेंबरात नर माजावर आला की जी आरोळी देतो, ती ऐकून मी पहिल्यांदा ह्यांचा हातच धरला होता. एवढं मोठं जनावर, वाटतं बैलासारखं हंबरेल. पण निघते ती लांबच लांब शीळ, फाटक्या बासरीसारखी.

आता तुमच्यातल्या काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बाईमाणसानं शिकार करायची? आपल्याकडे तर १९७२ मध्ये कायदा झाला आणि शिकारीचे दिवस संपले. ते बरंच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने या राज्यातून एल्क जवळजवळ नाहीसा झाला होता. मग शेजारच्या वायोमिंगमधून कळप आणून सोडले, परवाने बांधून दिले, आणि आज कोलोरॅडोत अडीच लाखांच्या वर एल्क आहेत. दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. आम्ही परवान्यासाठी भरतो तो पैसा वन्यजीवांच्या राखणीला जातो, आणि १९३७ च्या एका कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरचा करही तिकडेच जातो. इतकं सांगूनही ज्यांना पटत नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझी आईसुद्धा शेवटपर्यंत म्हणायची, "कसला गं बाई हा तुझा नाद!"

नाद लागला तो तंबूत स्वयंपाक करता करता. २००४ पासून हे कारखान्यातल्या मित्रांबरोबर डोंगरात जाऊ लागले आणि मी त्यांच्यामागे भाजणीचा डबा घेऊन. मोठा कापडी तंबू, मध्ये लाकडांची शेगडी, बाहेर उणे दहा. पुरुषमंडळी पहाटे चारला उठून निघून जायची आणि मी दिवसभर पिठलं ढवळत बसायची. सहा वर्षांनी मला वाटलं, हे काय, आपणही जावं की! २०११ साली बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून शिकाऱ्यांचा वर्ग पुरा केला, परीक्षा दिली, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी रायफल खांद्याला लावली.

तुम्हांला वाटेल, यात शिकण्यासारखं काय, नेम धरला आणि चाप ओढला! अहो, चाप शेवटचा. त्याच्या आधी सगळं वाऱ्याचं. एल्कचं नाक फार तिखट. पहाटे डोंगरावरचा गार वारा उताराने खाली वाहतो, ऊन चढलं की तोच वारा उलटून वर चढतो. म्हणून सकाळी कुठल्या बाजूने जायचं आणि नऊनंतर कुठे बसायचं, याचा हिशेब आदल्या रात्री करावा लागतो. मी खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी ठेवते. मधूनच दाबायची, चिमूटभर पावडर कुठे उडते ते पाहायचं. मुलींना लहानपणी लावायची पावडर म्हातारपणी अशी कामाला आली! उन्हाळाभर मी डोंगर पालथे घातले. लेंड्या ताज्या की शिळ्या, चिखलात कुठला नर लोळून गेला, ॲस्पेनच्या पांढऱ्या बुंध्यांवर शिंगं कुठे घासली आहेत, सगळं वहीत लिहून ठेवलं.

आणि सहा वर्षं मला काही म्हणजे काही मिळालं नाही.

इथलं साधारण गणित असं की पाचजण डोंगरात गेले तर चारजण रिकाम्या हातांनी घरी येतात. म्हणजे सहा वर्षं हात हलवत परतणं यात विशेष असं काही नाही. हे गणित मला पाठ होतं. पण गणितानं मन निवलं असतं तर काय हवं होतं!

एक गंमत सांगते. त्या सहा वर्षांत ह्यांनी दोन नर मारले. मला आनंदच झाला, पेढ्याऐवजी शिरा केला मी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहते, गुरांच्या वाड्यावर वाढलेली, तिला वर्षाआड हमखास मिळतो. तिचं ऐकून जरासं टोचायचं, पण ते चहा पिईपर्यंत. ती जन्मजात शिकारी, तिची-माझी बरोबरी कुठली? जिथं बरोबरी नाही तिथं जळायचं तरी कशावरून?

धाकटी जाऊ मात्र बरोबरीची होती. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, १९९९ मध्ये लग्न होऊन डेन्व्हरला आली. चुणचुणीत, हसरी. आल्या आल्या मोटार शिकली, वर्षाच्या आत नोकरीला लागली. साताऱ्याला सासूबाईंचा तिच्यावर जीव. मला ते कधी खुपलं नाही, कारण इथलं थोरलेपण माझ्याकडे होतं. बर्फात कुठले बूट घालायचे इथपासून तिला मी शिकवलेलं. आणि डोंगर तर सर्वस्वी माझा! तेव्हा २०१७ च्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, "ताई, मी वर्ग पुरा केला. ऑक्टोबरात येऊ का? मला शिकवाल?" तेव्हा मी अगदी मोठ्या मनानं "ये की गं" म्हणाले.

ती आली ती गुलाबी जाकीट घालून. इथं शिकाऱ्याला दुरून दिसेल असा भडक केशरी रंग अंगावर आणि डोक्यावर घालावाच लागतो, नाहीतर दुसऱ्याची गोळी लागायची. एल्कला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. २०१६ पासून गुलाबीही चालतो. "इश्श, हे काय," मी मनात म्हटलं, "लग्नाला निघालीय की शिकारीला!"

आमचा तळ होता फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात, दहा हजार फुटांवर. आता जे सांगते ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. सहा वर्षं पायपीट करून मी एक जागा हेरली होती. डोंगराच्या अंगावरचा सपाट टप्पा, वर स्प्रूसची गर्द झाडी, खाली ॲस्पेन, मधून जनावरांची खोल गेलेली वाट. ती जागा मी स्वतःला ठेवली. धाकटीला तळापासून अर्ध्या तासावरची खिंड दाखवली आणि तिथल्या एका ओंडक्यावर बसवलं. "तुला सवय नाही, फार चालू नको. इथं वाराही कमी लागतो," असं म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. त्या खिंडीतून मी सहा वर्षांत एक ससासुद्धा जाताना पाहिला नव्हता.

पहिल्याच पहाटे बर्फ भुरभुरत होतं. मी माझ्या टप्प्यावर अंधारात जाऊन बसले. कायद्याप्रमाणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते. सूर्योदय साडेसातच्या सुमाराचा, म्हणजे सातपासून मुभा. झाडांखाली अजून काळोखच होता, तेवढ्यात खिंडीच्या बाजूनं बार ऐकू आला. एकच. सवयीनं मी घड्याळ पाहिलं. सात वाजून एकोणीस मिनिटं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

झालं होतं असं, की खालच्या दरीत घोड्यांवरून आलेली एक टोळी अंधारातच हलली, त्यांच्या चाहुलीनं कळप उठला आणि डोंगर ओलांडायला सरळ खिंडीकडे आला. खिंड म्हणजे पळवाट! एरवी तिथं काही फिरकणार नाही, पण पहिल्या दिवशी माणसांची वर्दळ झाली की जनावर तिथूनच निघणार. हे सहा वर्षांत मला कळायला हवं होतं, नाही का? मी वह्या भरत बसले होते.

मी पोचले तेव्हा धाकटी त्या जनावराजवळ गुडघे टेकून बसली होती. अंग थरथरत होतं आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. "ताई, बघा ना, झालं हो माझ्याकडून," ती म्हणाली. सहा-सहा टोकांची शिंगं, मानेवर काळीभोर आयाळ. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "छातीत लागलीय की पोटात?"

पाठीवर हात ठेवला नाही, शाबास म्हटलं नाही. छातीत लागली होती, अगदी जिथं लागायला हवी तिथं.

नंतरचे सहा-सात तास मात्र बरे गेले, हे मी मुद्दाम सांगते. तीनशे किलोंचं जनावर डोंगरात पडलं की रडायला-जळायला कुणाला फुरसत नसते. मांस लवकर गार झालं नाही तर बिघडतं, म्हणून कातडं तिथंच उतरवायचं, चार तुकडे करायचे, कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे, मग पाठीवर घेऊन तळावर आणायचे. माझा सुरीवर हात चांगला बसलेला, ह्यांच्या दोन्ही नरांना मीच सोलायला होते. धाकटीला दाखवत दाखवत मी काम केलं. चौघांनी खेपा घातल्या. पंचवीस किलोंचं ओझं पाठीवर, तेही दुसरीच्या जनावराचं! पण हातपाय चालू होते तोवर डोकं गप्प होतं.

रात्री तंबूत पडल्यावर ते बोलायला लागलं. तिनं काय केलं? ओंडक्यावर बसली. वाऱ्याचं तिला काही कळत नाही. पावडरची डबीसुद्धा नाही तिच्याकडे. सहा वर्षं मी झिजले आणि हिला एकोणीस मिनिटांत!

दुसऱ्या दिवशी भाऊजी खाली गावात मांस ठेवायला गेले, तिथून त्यांनी फोटो साताऱ्याला पाठवला. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आमच्या साताऱ्याच्या घरी सोप्यात भिंतीवर सांबराची शिंगं आहेत, आजेसासऱ्यांनी मारलेल्या. सासूबाईंचा आवाज फोनवर भरून आला, घरच्या सगळ्यांनी तो ऐकला. "मामंजींच्या मागं या घरात नाव राखलं ते धाकटीनं!"

हे मला म्हणाले, "अगं, पुढच्या वर्षी तुला मिळेल." नवरे लोकांना कधी गप्प बसायचं हे का कळत नाही, कोण जाणे.

राहिलेल्या दिवसांत मी शिकार केली ती रागानं. आणि रागाची शिकार कशी होते ते ऐका. पाय भराभर उचलायचे, थांबायचं नाही, ऐकायचं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी पावडर न उडवताच माझ्या टप्प्याच्या वरच्या अंगाला खुशाल बसायला निघाले. वारा माझ्या पायांखालून वर निघाला होता. आठ-दहा माद्या आणि त्यांच्यामागे एक नर, माझ्यापासून दीडशे पावलांवर. मला दिसल्या त्या त्यांच्या पांढऱ्या पाठमोऱ्या! वापिटी म्हणजे काय, ते त्या दिवशी नीट कळलं.

इथवरचं सगळं माझ्यापुरतं होतं. खरी चूक गावात आल्यावर झाली.

किराणा घेताना ओळखीची एक बाई भेटली. "तुझ्या जावेला पहिल्याच सकाळी मिळाला म्हणे! इतक्या लवकर? उजाडलं तरी होतं का?" तिनं आपलं थट्टेनं विचारलं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'हो तर, सात एकोणीसला.' मी हसले, खांदे उडवले आणि म्हणाले, "कोण जाणे बाई, मी तर लांब होते."

बस्स, इतकंच. एकही शब्द खोटा नाही. चाळीत वाढलेल्या बाईला असं बोलणं शिकवावं लागत नाही.

लहान गावात बोलणं कसं चालतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. पंधरा दिवसांनी भाऊजींचा फोन आला. वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्यानं धाकटीला फोन करून विचारणा केली होती, गोळी नक्की किती वाजता झाडली? कुणीतरी कळवलं होतं की वेळेआधी झाडली म्हणून. वेळेआधीची शिकार म्हणजे दंड, मांस-शिंगं जप्त, पुढे परवाना बंद होण्याची पाळी. अधिकारी सभ्य माणूस होता, धमकावत नव्हता. पण धाकटी दोन रात्री झोपली नव्हती. "ती म्हणते, मी घड्याळ पाहिलं नव्हतं, मी फक्त शिंगं पाहिली," भाऊजी सांगत होते. "वहिनी, तुम्ही बार ऐकलात ना?"

मी त्या अधिकाऱ्याला लगेच फोन केला. बार ऐकला, घड्याळ पाहिलं, सात एकोणीस, एकच बार. वहीतही तसं लिहिलेलं होतं. दहा मिनिटांत प्रकरण मिटलं. सगळ्यांनी माझे आभार मानले! धाकटीनं फोनवर रडत रडत, "ताई, तुम्ही होतात म्हणून." आणि मी ते आभार घेतले, मैत्रिणींनो. घेतले आणि फोन ठेवला.

दोन दिवस घास गिळेना. मग ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीपण २००९ साली असाच जळलो होतो. ज्याच्यावर जळलो त्याचा फोटो मी मुद्दाम हलवून काढला होता." मला हसू आलं आणि रडूही. पण त्यांनी पुढे जे म्हटलं ते नको होतं तरी खरं होतं. "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

क्रेगहून डेन्व्हर म्हणजे चार तासांचा रस्ता, मध्ये रॅबिट इअर्सचा घाट, नोव्हेंबरात बर्फ. मी एकटी गाडी घेऊन गेले. धाकटी स्वयंपाकघरात खिम्याच्या पुड्या बांधत होती, प्रत्येक पुडीवर तारीख घालून, मीच शिकवल्याप्रमाणे. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दुकानातलं सांगितलं, आणि सांगायचं ठरवलं नव्हतं तरी खिंडीचंही सांगितलं.

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जागेचं मला तेव्हाच कळलं होतं, ताई. हे नव्हतं कळलं."

मग तिनं चहा केला. माझ्यापुढे ठेवला, स्वतः घेतला नाही. मी निघते म्हणाले तर म्हणाली, "अंधार पडलाय, घाटात बर्फ असेल. राहा." पाहुण्यांच्या खोलीत स्वच्छ चादरी घातल्या. त्या चादरींवर मी कशी रात्र काढली ते माझं मला माहीत. सकाळी तिनं डब्यात भाकरी बांधून दिली.

२०१८ मध्ये ती आली नाही. 'कामाची गडबड आहे,' असा निरोप आला. मी त्या वर्षी खिंडीतल्या ओंडक्यावर जाऊन बसले. का, ते विचारू नका. चार दिवस बसले, काही आलं नाही.

तुम्ही विचाराल, मग हेवा गेला का? छे! तो कुठला जातोय. पुढच्याच वर्षी शेजारच्या तळावरच्या एका पोरीनं, तीही पहिल्याच खेपेला, नर पाडला आणि माझ्या पोटात बरोब्बर तिथंच खड्डा पडला. पण आता मी एक करते. बार ऐकला की आधी सुरी आणि चहाचा थर्मास घेऊन तिकडे चालायला लागते. पोचल्याबरोबर तोंडानं 'शाबास' म्हणते, मन मागाहून आलं तर आलं. मग हात कामाला लावते. आणि रात्री तंबूत फोनवरचे फोटो बघत नाही. दिवसा बघितले तर ते फोटोच असतात, रात्री त्यांना नखं फुटतात. ह्यांना मात्र सरळ सांगते, "आज मला जळायला होतंय हो." हे म्हणतात, "हं." तेवढं पुरतं.

एल्कच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, हस्तिदंतासारखे. दोनच. इथल्या क्रो जमातीच्या बायकांच्या सणाच्या पोशाखावर असे शेकडो सुळे शिवलेले असत. एका जनावराचे दोन, तर शेकडो सुळे म्हणजे घरचे पुरुष केवढे शिकारी, याचा तो बाजारात मांडलेला हिशेबच! ज्यांना पुरेसे मिळत नसत, त्या हाडाचे हुबेहूब कोरून लावत. संग्रहालयात असा पोशाख पाहताना मला वाटलं, एखादीनं शेजारणीचे सुळे खरे की हाडाचे, हे निरखून पाहिलं नसेल असं होणं नाही.

हे आठवलं ते अशासाठी, की २०१९ च्या डिसेंबरात टपालानं एक डबी आली. आत चांदीत बसवलेला एक सुळा, बारीक साखळीत. चिठ्ठी नाही, काही नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता डेन्व्हरचा. भाऊजींनी नंतर सांगितलं की दोन्ही सुळ्यांची पदकं तिनं २०१७ मध्येच करवून घेतली होती, मी तिच्याकडे गेले त्याच्या आदल्या आठवड्यात. एक स्वतःला, एक मला. मग ते दोन वर्षं कपाटात पडून राहिलं. मी फोन केला, म्हटलं, "मिळालं गं." ती म्हणाली, "हं. पॉलिश वर्षातून एकदा करा."

२०२१ मध्ये सोडतीत मला मादीचा परवाना लागला आणि दहा वर्षांनी माझ्या हातून एक मादी पडली. माझ्या टप्प्यावर नाही हं, तळाकडे परत येताना, संध्याकाळी, वाटेतच. आमच्याबरोबर त्या वर्षी धाकटी आली होती, परवाना न काढता, नुसती. बार ऐकून ती धापा टाकत चढून आली. मी बर्फात बसले होते. तिनं कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "छातीत लागलीय की पोटात?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हसत होती की नाही, अंधारात नीट दिसलं नाही. मग तिनं पाठीवरची पिशवी उतरवली, सुरी काढली आणि बाह्या वर केल्या.

त्या मादीचा खिमा आम्ही दोघींनी वाटून घेतला. एल्कच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल जरा हात सैल सोडून घालावं लागतं आणि खिमा फार परतायचा नाही, कोरडा पडतो. नळीचं मांस असेल तर उलट कुकरच्या शिट्ट्या मटणापेक्षा जास्त. आमचा काळा मसाला त्याला फार चांगला लागतो. पांढरा रस्सा मात्र करून पाहू नका, मी केला होता, ह्यांनी मुकाट्यानं खाल्ला एवढंच. सासूबाईंना फोटो पाठवला होता. त्या म्हणाल्या, "याला शिंगं नाहीत का गं?" मी म्हटलं, "मादी आहे आई." "असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

यंदा धाकटीनं परवाना काढला आहे. परवा तिचा फोन आला, "ताई, कुठं बसू?" मी नकाशा काढून माझ्या टप्प्यावर पेन्सिलीनं खूण केली, वारा कधी उलटतो तेही बाजूला लिहिलं, आणि पावडरची एक नवी डबी पाकिटात घालून पाठवून दिली. पाकीट चिकटवताना हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू.

"आणि तू कुठं बसणार?" ह्यांनी विचारलं. अजून ठरवलं नाही. खिंडीतला तो ओंडका पार कुजून मोडलाय म्हणे. तिथं बसायचं तर घरून एखादं पोतं न्यावं लागेल.